शांत दीर्घिकेचा शेजारी

शेषरावाला पोटाचा विकार होता आणि त्या विकाराचं नाव मुंजाजी होतं. हिंगोलीच्या डॉक्टरांनी दोनदा सोडा दिला, एकदा तिखट बंद करायला सांगितलं. पण दुखणं जेवणानंतर उठणारं नव्हतंच, ते पोस्टमन येऊन गेल्यावर उठायचं. हैदराबादहून मुंजाजीचं कार्ड आलं की शेषरावाच्या बेंबीपासून छातीपर्यंत जाळ व्हायचा. कार्डात चांगली बातमी असली तर जास्त, आणि नसली तर हा लपवून राहिलाय म्हणून आणखी जास्त.

दोघं एकाच गावचे, कळमनुरीच्या अलीकडचे. शेषराव हा अमृतरावांचा धाकटा, साठ एकरांच्या घरातला. मुंजाजी जळबाचा थोरला, आणि जळबा अमृतरावांच्याच शेतात सालगडी. पण शाळा दोघांची एक, मास्तरांची छडी एक, कळमनुरीच्या हायस्कूलला नेणारी एस.टी. एक. औरंगाबादला बी.एस्सी. बरोबर, हैदराबादला एम.एस्सी. बरोबर. सगळं सारखं, मग तो तिथं वेधशाळेत आणि मी इथं पोरांना पाण्याची घनता शिकवत का, हा प्रश्न शेषराव रोज आंघोळीच्या वेळी स्वतःला विचारायचा. 'सगळं सारखं' म्हणताना एक मालकाचं पोर आणि एक सालगड्याचं, एवढं त्याच्या हिशेबातून अलगद सुटायचं. आठवलंच तर उलट्या बाजूनं आठवायचं: आमच्या सालगड्याचं पोरगं! हे तो तोंडानं कधी बोलला नाही, शिकलेला माणूस होता. पोटातल्या पोटात बोलायचा, म्हणून तर ते पोटात दुखायचं.

आता खरं सांगायचं तर त्याला हैदराबादेतून कुणी हाकललं नव्हतं. एम.एस्सी. झाल्याबरोबर अमृतरावांनी हिंगोलीच्या कॉलेजात पदार्थविज्ञानाची जागा पाहून दिली आणि गोजरबाई पाहून दिली, दोन्ही एकाच उन्हाळ्यात. शेषरावानं ना नोकरीला नाही म्हटलं ना नवरीला. पुढं मात्र तो लोकांना सांगत सुटला की घरच्यांनी मला उडू दिलं नाही. गोजर हे ऐकायची आणि भाकरी थापता थापता म्हणायची, "उडायचं व्हतं तर मांडवात काहून बसलते?"

दोघांचा संबंध तुटला असता तर पोटही बरं झालं असतं. पण मुंजाजीनं तो तुटू दिला नाही. त्याच्या पीएच.डी.चा विषयच असा निघाला की त्यात दुसऱ्या माणसाचा हात लागत होता.

आपल्या आकाशगंगेसारख्या दीर्घिका आभाळात मोजता येणार नाहीत इतक्या आहेत. त्यातल्या बहुतेक शांत. थोड्या मात्र मधोमध पेटलेल्या: त्यांच्या गाभ्यात वायू ओढला जातो आणि तो गाभा असा उजळतो की बाकी सगळी दीर्घिका त्याच्यापुढे फिकी पडावी. शास्त्रात त्यांना सक्रिय दीर्घिका म्हणतात, मुंजाजी 'जागत्या' म्हणायचा. या जागत्या म्हणजे वेगळीच जात आहे, की प्रत्येक दीर्घिका आयुष्यात कधीतरी अशी पेटते आणि मग निवते, हे त्या काळी कुणालाच धड ठाऊक नव्हतं. मुंजाजीचं म्हणणं असं, की जात एकच. पेटवणारा शेजारी असतो. जवळ दुसरी दीर्घिका आली की तिच्या ओढीनं हिच्यातला वायू ढवळतो आणि गाभ्याकडे धाव घेतो. हे खरं की खोटं ते बघायचं तर प्रत्येक जागत्या दीर्घिकेला एक शांत जोडीदारीण शोधायची. घाट तोच, आकारमान तेच, अंतरही तेवढंच, फरक फक्त पेटण्याचा. अशा जोड्या लावायच्या आणि मग मोजायचं, आजूबाजूला शेजारी कुणाला जास्त आहेत.

"शेषा, जागत्या मी बघतो, शांत तू निवड," मुंजाजी म्हणाला होता. "तुझी नजर माझ्याहून चांगली हाय."

शेषरावाला ते असं ऐकू आलं: पुरणाची पोळी मी खातो, कडा तुला. जगात नाव कुणाचं होणार? जागत्यांचं. शांत दीर्घिका शोधणाऱ्याला कोण विचारतो? तरी त्यानं काम घेतलं. न घ्यावं तर मुंजाजी दुसऱ्या कुणाला देईल, आणि मग तर पोटात भट्टीच लागेल.

दोन वर्षं हे चाललं. हैदराबादहून एस.टी.च्या पार्सलनं आभाळाचे मोठाले फोटो यायचे. फोटो उलटे असत, आभाळ पांढरं आणि तारे काळे. गोजरनं पहिल्यांदा पाहिले तेव्हा ती म्हणाली, "सुपातून तीळ सांडल्यावानी दिसून राहिलं." कॉलेजातून आला की शेषराव दुपारी ओसरीवर पाट मांडायचा, घड्याळजीकडून आणलेलं भिंग डोळ्याला लावायचा आणि त्या तिळांमधून शांत दीर्घिका वेचायचा. गाभा खरंच थंड आहे याची खात्री मुंजाजी तिकडून करून घ्यायचा. निवड मात्र सगळी शेषरावाची.

आणि निवडताना त्याच्या हातून बापाचीच रीत झाली. बैलाची जोडी लावण्यात अमृतरावांचा हात धरणारा त्या भागात कुणी नव्हता. एखाद्याचा एक बैल मेला की उरलेल्याला जोडीदार बघायला लोक त्यांना बाजारात घेऊन जात. अमृतराव उंची बघत, शिंगं बघत, जबडा उघडून दात बघत. पण त्याआधी बैल कळपातून बाहेर काढायला लावत. गर्दीत बैल पारखू नये, बाजूला घेऊन पारखावा, हे त्यांचं वाक्य शेषरावानं चड्डीत होता तेव्हापासून ऐकलेलं. त्यानं दीर्घिकाही तशाच पारखल्या. फोटोत जी सुटी, एकटी, स्वच्छ दिसायची ती तो घ्यायचा. दुसरीच्या अंगाला लागून असली की कडा एकमेकींत मिसळतात, माप धड येत नाही, म्हणून सोडून द्यायचा. यात काही चुकतंय असं त्याला कधी वाटलं नाही. बैलालाही तो असाच निवडला असता.

निकाल आला तो सुपारी फुटावी तसा स्वच्छ. जागत्यांच्या भोवती शेजाऱ्यांची गर्दी, आणि शांत दीर्घिका जवळजवळ सगळ्या एकट्या. मुंजाजीचं कार्ड आलं, अक्षर आनंदानं वाकडंतिकडं झालेलं. बंगलोरला देशभरातले खगोलवाले जमणार होते, तिथं तो हे मांडणार होता, आणि ते पटलं तर तिथली कायमची जागा त्याला मिळण्यासारखी होती. खाली एक ओळ: जाण्याआधी हिंगोलीच्या कॉलेजनं व्याख्यानाला बोलावलं आहे, जेवायला तुझ्याकडे. शेषरावानं कार्ड वाचलं आणि सोडा घेतला.

व्याख्यानाच्या आधीच्या बाजारी तो बापाबरोबर कळमनुरीला गेला होता. अमृतरावांचाच एक बैल मेला होता आणि उरलेल्याला जोडी बघायची होती. बाजाराच्या कडेला बाभळीखाली एकानं आपला पांढरा बैल बांधला होता. अमृतरावांनी बैल पारखला. मान खाली, डोळे अर्धे मिटलेले, तोंडात हात घातला तरी हूं नाही की चूं नाही. "गाय हाय गाय," अमृतराव खूष होऊन म्हणाले. सौदा झाला. बैल सोडून हौदावर पाण्याला नेला आणि तिथं दुसरा बैल बाजूला येताच त्या गाईनं फुस्स केलं, मुंडी खाली घातली आणि शिंगं रोखून धावली. चार माणसं कासऱ्याला लटकली तेव्हा कुठं बैल आवरला.

"मायला, मघा तर देव व्हता," अमृतराव धापा टाकत म्हणाले.

विकणारा दात काढून हसला. "मालक, एकटा बैल शांतच असतोय की. शेजारी दुसरा बांधून बगायचं व्हतं."

अमृतरावांनी त्याला आईवरून शिवी दिली. शेषरावानं दिली नाही. तो हौदाच्या कठड्यावर हळूच बसला. त्यानं शांत दीर्घिका निवडल्याच नव्हत्या. त्यानं एकट्या दीर्घिका निवडल्या होत्या. शेजार असलेली, आणि तरीही शांत, अशी एकसुद्धा त्यानं घेतली नव्हती; दिसल्या तितक्या सगळ्या माप येत नाही म्हणून टाकल्या होत्या. मग शांत दीर्घिकांना शेजारी निघणार कुठून? तो निकाल आभाळाचा नव्हता, त्याच्या हाताचा होता.

आधी भीती वाटली. आणि मग, सांगायला लाज वाटते, पण भीतीच्या मागोमाग एक गोडवा आला. बंगलोरला मुंजाजी फळ्याजवळ उभा राहील. गॉगल काढेल, घसा खाकरेल, मोठ्या आवाजात सुरू करेल. मागच्या रांगेतून कुणी म्हातारा उठेल आणि विचारेल, शांत दीर्घिका निवडल्या कशा? संपलं. ती जागा गेली, नाव गेलं, त्या लोकांत पुन्हा उभं राहायची सोय गेली. आणि आपल्याला यासाठी करायचं काय? काहीच नाही. फक्त गप्प बसायचं. निवड आपली, पण मांडणारा तो आणि वर नाव त्याचं. दोन वर्षांत पहिल्यांदा शेषरावाला आपण कडा खाल्ल्या याचं समाधान वाटलं.

त्या दिवशी तो तीन भाकरी जेवला. वर ठेचा मागितला.

"आज पोट न्हाई दुखत वाटतं," गोजर म्हणाली.

"न्हाई. बरं वाटून राहिलं."

"कुनाचं काय वाईट झालं?" तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता ताट उचललं. गोजर सातवीपर्यंतच शिकली होती, पण नवऱ्याचा तिचा अभ्यास पक्का होता.

मुंजाजी आला तो टेरिलिनचा शर्ट, डोळ्याला गॉगल आणि बोलणं असं मोठ्यानं की गल्लीतली लेकरं दारात जमली. साधाभोळा वगैरे तो अजिबात नव्हता. स्वतःच्या विनोदावर आधी स्वतः हसायचा, आणि हैदराबादेत कोण कोण त्याला नावानिशी ओळखतं ते पहिल्या घासाला सांगून मोकळा झाला. शेषरावाला बरं वाटलं. पडणारा माणूस उंचावर असावा, पाडणाऱ्याला तेवढंच समाधान.

जेवण अर्ध्यावर आलं तेव्हा मात्र मुंजाजीचा आवाज उतरला. "शेषा, भ्या वाटून राहिलं रे," तो म्हणाला. "बंगलोरात लोक सोलून काढतात म्हणे. इतकी वर्षं धकलं, आता तिथं पाय घसरला तर मला परत कोणी उभं करनार न्हाई. तुमच्यावानी मागं शेत न्हाई माझ्या. तुझ्या बाजूचं काही कच्चं राहिलं न्हाई न? असंल तर आत्ताच सांग."

"बराबर हाय सगळं," शेषराव म्हणाला. "काही तकलीफ न्हाई. बिनघोर जा."

इतक्या गोड आवाजात तो बायकोशीसुद्धा कधी बोलला नव्हता. गोजर भाकरी वाढायला वाकली होती, ती तशीच वाकून राहिली आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघत बसली. शेषरावानं आमटीत मन घातलं.

व्याख्यान उन्हं कलल्यावर होतं. कॉलेजचा हॉल भरून पोरं खिडक्यांत बसली होती. अमृतराव फेटा बांधून पहिल्या रांगेत होते. प्राचार्यांनी आग्रहानं जळबालाही त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं, तर तो नुसता कडेला टेकून होता, उठायला सांगितलं तर लगेच उठता यावं म्हणून. "बस की नीट, जळबा," अमृतराव म्हणाले, "तुहं पोरगं बोलनार हाय, माझं न्हाई." शेषराव मागं बसला होता. हे वाक्य त्याला तिथंही ऐकू आलं.

मुंजाजी चांगला बोलला. म्हणजे फारच चांगला बोलला, आणि हेच तर दुखणं होतं. फळ्यावर त्यानं दोन भोवरे काढले, एक शांत आणि एक जागता. म्हणाला, दोघी जुळ्या बहिणी समजा. एक गप घरात बसलेली, दुसरीचं टाळकं सदा तापलेलं. तुम्ही म्हणाल स्वभाव. मी म्हणतो, आधी तिच्या शेजारी कोण राहायला आलंय ते बघा. हॉल हसला. बायकांच्या बाजूचं हसणं जास्त वेळ चाललं. मग त्यानं जोड्या कशा लावल्या ते सांगितलं, मोजणी सांगितली आणि हातातला खडू टेबलावर ठेवून निकाल सांगितला. टाळ्या पडल्या. प्राचार्य उठले, झेंडूचा भलामोठा हार मुंजाजीच्या गळ्यात घातला आणि म्हणाले, "आपल्या मातीतलं हे रत्न आता बंगलोर गाजवणार आहे. आणि आनंदाची गोष्ट म्हणजे आपले शेषराव सर या कामात त्यांचे मदतनीस आहेत."

मदतनीस.

मुंजाजीनं ते खोडून काढलं नाही. हार नाकाशी येत होता, तो सावरण्यात तो गुंतला होता. पण शेषरावाच्या अंगाचा तिळपापड झाला. आणि त्या क्षणी त्याला आपल्या बेतातला मोठा दोष दिसला: बंगलोर फार लांब होतं. हार इथं, टाळ्या इथं, आपला बाप याच्यासाठी फेटा बांधून इथं, आणि हा पडणार तिकडं पाचशे मैलांवर, अनोळखी माणसांत. आपल्याला ते दिसणारसुद्धा नाही. आपल्या वाट्याला काय, तर एक कार्ड. नाही. जिथं चढला तिथंच उतरला पाहिजे. थोडा वेळ दम धरला असता तर मुंजाजी कायमचा मेला असता. पण मत्सराला दम कुठला? शेषराव उभा राहिला.

"एक प्रश्न आहे," तो म्हणाला. "या शांत दीर्घिका निवडल्या कशा?"

मुंजाजी हसला. त्याला वाटलं, मित्रानं सोपा चेंडू टाकलाय. "हे तर शेषराव सरांनीच सांगावं," तो हॉलला म्हणाला. "सगळी निवड त्यांची. मदतनीस न्हाईत ते, अर्धं काम त्यांचं हाय. सर, सांगा की."

सगळा हॉल वळला आणि शेषरावाकडे बघायला लागला. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. आत्ताही 'सहज विचारलं' म्हणून बसता आलं असतं. पण मुंजाजीच्या गळ्यातला तो हार त्याला दिसत होता, आणि तो उतरवायचा तर धोंडा आधी आपल्या पायावर पाडून घेण्याशिवाय रस्ता नव्हता. शेषरावानं तो पाडून घेतला.

"एकट्या पाहून निवडल्या," तो म्हणाला. "ज्यांना शेजारी होते त्या मी मापाला अवघड म्हणून सोडून दिल्या. म्हणजे शांत दीर्घिकांना शेजारी निघणारच नव्हते. हा निकाल मोजायच्या आधीच ठरलेला होता. याला काही अर्थ नाही."

हॉलमधल्या फार थोड्यांना हे समजलं, पण काहीतरी फुटलं एवढं सगळ्यांना समजलं. मुंजाजीचं हसू हळूहळू विझलं. त्यानं गॉगल काढला, फळ्यावरच्या भोवऱ्यांकडे एकदा बघितलं, आणि खुर्चीत बसला. जळबा घाबरून कधी पोराकडे, कधी अमृतरावांकडे बघत होता. शेषरावाला ज्या क्षणाची भूक होती तो हाच, आणि तो आल्यावर त्याला त्यातलं काही गिळवेना.

"हे तुला कवा समजलं?" मुंजाजीनं विचारलं. सभेतलं 'सर' गेलं होतं.

"मागल्या बाजारी."

म्हणजे आज जेवताना ठाऊक होतं. भाकरी, आमटी, 'बिनघोर जा', सगळं मुंजाजीच्या डोळ्यांत एकामागून एक येऊन गेलं आणि शेषरावाला ते येताना दिसलं. आता हा ओरडणार, चार माणसांत माझं पाणी उतरवणार, असं त्याला वाटलं. उतरवायला हवं होतं. पण मुंजाजी उठला, पुढं आला आणि हॉलला म्हणाला, "मंडळी, शेषराव सर म्हणतात ते खरं हाय. हा निकाल आता रद्द. मी बंगलोरला जात न्हाई. हे तिथं कोणी काढलं असतं तर मला जल्मभर तोंड दाखवायला जागा उरली नसती. स्वतःची चूक अशी भर सभेत सांगायला छाती लागते."

आणि त्यानं स्वतःच्या गळ्यातला हार काढून शेषरावाच्या गळ्यात घातला. टाळ्या मघापेक्षा मोठ्या पडल्या. अमृतराव फेटा सावरत उभे राहिले. हार घालताना मुंजाजीचं तोंड शेषरावाच्या कानाशी आलं होतं.

"मला पाडायला उठलास, ते ठावं हाय मला," तो दातांतून बोलला. "जेवताना इचारलं तवा खोटं बोललास, ते बी ध्यानात ठेवनार हाय मी. पन तुहा जळफळाट आठ दिवस दम धरून बसला असता तर मी खलास व्हतो. त्याच्यापाई हा हार. काढू नको. बसून ऱ्हा असाच."

शेषराव बसला. झेंडूचा वास नाकात गेला. इतकी वर्षं त्याला असाच एक हार हवा होता, भरल्या हॉलमध्ये, बापाच्या देखत. आता तो गळ्यात होता आणि मानेला काचत होता. सभा संपल्यावर जळबा गर्दीतून वाट काढत आला आणि त्यानं वाकून दोन्ही हात जोडले. "धाकले मालक, लेकराची लाज राखली तुमी," तो म्हणाला. त्याच्या मागं मुंजाजीची आई शकुबाई पदरानं डोळे पुसत होती. शेषरावाला त्या वेळी जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. जमीन अमृतरावांची होती, पण तिनंही घेतलं नाही.

बंगलोरची ती जागा त्या वर्षी दुसऱ्याला गेली. मुंजाजी परत जाण्याआधी स्टँडवर भेटला, बोलला तुटकच. "जोड्या पुन्हा लावायच्या. दुसऱ्याला दिलं असतं, पन आता चूक कुठं व्हते ते तुला कळलंय, दुसऱ्याला न्हाई. या टायमाला फोटोत शेजार दिसताच कामा न्हाई अशी काही सोय कर. दीर्घिका निवड, मग शेजारी बघ." एस.टी. सुरू झाल्यावर खिडकीतून तो ओरडला, "अन् नाव दोघांचं राहील. मदतनीस म्हनून न्हाई."

शेषरावाला वाटलं होतं, आता तरी पोट शांत होईल. नाही झालं. बघा, हार देऊनसुद्धा तोच मोठा ठरला, असं म्हणून ते पुन्हा दुखायला लागलं.

पण सोय त्यानं केली. एका जाड पुठ्ठ्याला मधोमध पैशाएवढं भोक पाडलं. गोजर ओसरीवर समोर बसायची, तिनं तो पुठ्ठा फोटोवर सरकवायचा आणि एकेका दीर्घिकेवर भोक आणून थांबायचं. शेषरावाला भोकातून फक्त ती एक दीर्घिका दिसायची, आजूबाजूचं काही नाही. तो भिंगातून घाट बघायचा, माप घ्यायचा, जागत्या दीर्घिकेच्या फोटोशी ताडून बघायचा आणि म्हणायचा, "घे," किंवा "सोड." त्यानं 'घे' म्हटल्यावरच गोजरनं पुठ्ठा उचलायचा आणि शेजार मोजायचा. एकदा घेतली की सोडायची नाही, हा नियम.

पहिल्या काही एकट्याच निघाल्या. एका दुपारी भोकात एक सुरेख दीर्घिका आली, ताटलीसारखी गोल, गाभा निवांत. शेषरावानं बराच वेळ बघितली. "घे," तो म्हणाला.

गोजरनं पुठ्ठा उचलला आणि वाकून बघितलं. "अग्गो बाई," ती म्हणाली. "हिच्या उशालाच शेजारीन हाय की. अन् केवढी मोठी!"

शेषरावानं मान पुढं काढून बघितलं. होती खरी. कडेला कड लागलेली, दुप्पट मोठी, काळीभोर. मागच्या खेपेला हीच दीर्घिका त्यानं नक्की टाकली असणार.

"असू दे," तो म्हणाला. "घेतली म्हटलं ना."

गोजरनं पुठ्ठा मांडीवर ठेवला. तिनं पुन्हा फोटोकडे बघितलं, मग खुंटीकडे. तिथं तो हार अजून लटकत होता, सुकलेला. शेषराव तो धड फेकत नव्हता आणि धड ठेवतही नव्हता.

"मंजी आपल्याहून मोठं कोणी अगदी अंगाला खेटून असलं, तरी ही आपली गुमान शांत," ती म्हणाली.

"व्हय."

"जमतंय म्हना की," गोजर म्हणाली. "मंग तुमालाच काहून जमंना?"